उबवणीची अंडी आणि पानाच्या छाटी: प्रकल्प नोंदी

२ जून

प्रश्न नक्की केला. आईबापांची जनुकं माहीत असतील, तर पुढची पिढी कशी दिसेल हे आधी कागदावर लिहून ठेवता येतं का? आणि येत असेल, तर ते कुठे फसतं?

काम दोन भागांत चालेल. भाग अ मध्ये कोंबडीची २४ फलित अंडी इनक्युबेटरमध्ये उबवायची. नर ऱ्होड आयलंड रेड जातीचा, बिनपट्ट्याचा. माद्या बार्ड प्लायमाउथ रॉक जातीच्या, पट्टेरी पिसांच्या. भाग ब मध्ये पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं पान कापून छाटी लावायच्या. तिथे नर-मादीचा संबंधच नाही. छाटीतून आलेलं रोप म्हणजे सरळ क्लोन, त्याच जनुकांची प्रत.

पिल्लं कोण सांभाळणार हे आजच ठरवून लिहिलं. हा प्रश्न विसाव्या दिवशी सोडवायला बसण्यात अर्थ नाही.

३ जून

इनक्युबेटर पंख्याचा आहे, म्हणून ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसलेल्या पेटीत वर गरम आणि खाली गार असे थर पडतात. त्यात अंड्याच्या वरच्या पातळीवर साधारण ३८.५ ठेवावं लागतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण यंत्राचा प्रकार न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी.

थर्मामीटरची तपासणी: बर्फाच्या पाण्यात ० बरोबर दाखवला म्हणून ३७.५ ला बरोबर दाखवेलच असं नाही. ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर नेमकं याच टप्प्यात भरवशाचं असतं. कोमट पाण्याच्या पेल्यात दोन्ही शेजारी धरली. यंत्राचं थर्मामीटर ०.४ जास्त दाखवतं, म्हणजे पडद्यावर ३७.९ दिसायला हवं. तशी चिठ्ठी झाकणावर चिकटवली.

आर्द्रतामापकाची तपासणी: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घातलं. मीठ विरघळून गेलं तर चाचणी बाद. हे झाकण आणि मापक घट्ट बंद होणाऱ्या डब्यात एकत्र ठेवले. २५ अंशांच्या आसपास अशा डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. रात्रभराने मापकावर ६९. यापुढे प्रत्येक वाचनात ६ मिळवायचे.

४ जून

स्नेक प्लांटचं एक निरोगी पान मुळाशी कापून त्याचे ६ ते ७ सेंटिमीटरचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या बाजूला छोटी खाच. खाच नसेल तर तासाभरात सगळे तुकडे सारखे दिसायला लागतात, आणि उलटा खोचलेला तुकडा मुळं धरत नाही. कापलेली बाजू सुकायला तीन दिवस सावलीत ठेवली. ओली जखम मातीत गेली की बुरशी धरते आणि तुकडा खालून पिचपिचीत होतो.

तुलनेसाठी त्याच झाडाच्या जमिनीखालच्या खोडाचा दोन कोंब असलेला तुकडा वेगळा काढून दुसऱ्या कुंडीत लावला.

५ जून

अंडी आली. सगळी सात दिवसांच्या आतली, १३ ते १८ अंशांत जाड टोक वर करून ठेवलेली. आठवड्यानंतर उबण्याचं प्रमाण घसरायला लागतं. फ्रिजमधलं अंडं चालत नाही, तिथे फार थंड पडतं.

बाद केलेली: केसासारखा तडा गेलेली, दोन्ही टोकं सारखी गोल असलेली, कवच खरबरीत असलेली आणि एक अवाढव्य. हे शेवटचं बहुधा दोन बलकांचं असणार. दोन बलक म्हणजे जुळे क्लोन अशी समजूत ऐकायला मिळते. ती चुकीची. दोन बलक म्हणजे दोन स्वतंत्र बीजांडं एकाच कवचात अडकलेली. भ्रूण झालेच तर ते साध्या भावंडांसारखे, आणि जागेअभावी ते क्वचितच उबतात.

अंडी धुतली नाहीत. कवचावर हजारो छिद्रं असतात, आणि त्यांवरचा पातळ लेप धुण्याने जातो. गार अंडी थेट उबेत ठेवली तर त्यांना घाम फुटतो आणि त्या पाण्यातून जंतू छिद्रांत शिरतात. म्हणून रात्रभर खोलीच्या तापमानाला.

अंदाज आजच लिहून पाकिटात बंद केले.

अंदाज १. पट्टेरी पिसांचं जनुक लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतं आणि ते प्रभावी आहे, म्हणजे एकच प्रत असली तरी दिसतं. पक्ष्यांत मादी झेडडब्ल्यू, नर झेडझेड. पट्टेरी कोंबडीचं एकुलतं एक झेड फक्त नर पिल्लांना जातं. मादी पिल्लांना तिच्याकडून डब्ल्यू मिळतं आणि झेड येतं ते बापाकडून, म्हणजे बिनपट्ट्याचं. तेव्हा सगळी पिल्लं काळी असतील. पट्ट्यांचं जनुक पिल्लात डोक्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याने दिसतं, म्हणून ज्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका ते नर, ज्यांचं डोकं पूर्ण काळं त्या माद्या.

जोडी उलटी लावली, म्हणजे नर पट्टेरी आणि मादी साधी, तर हा खेळ बंद पडतो. पट्टेरी बाप मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही पट्ट्यांचं जनुक देतो आणि सगळी पिल्लं ठिपक्याची निघतात. ‘या दोन जातींचा संकर’ एवढीच माहिती मिळाली असेल तर आधी नर कोणता ते विचारावं.

अंदाज २. पानाच्या छाटींतून येणारी रोपं क्लोन आहेत, म्हणून पिवळ्या कडांचीच येतील. (यावर एकमत झालं नाही. तरी लिहिलं.)

६ जून

सकाळी ९ ला अंडी ठेवली. शिसपेन्सिलीने क्रमांक, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. शाई वापरली नाही, ती छिद्रांतून आत जाते. प्रत्येक अंड्याचं वजन नोंदवलं.

दिवसाला पाच वेळा फिरवायची. संख्या विषम हवी, म्हणजे रात्रीचा मोठा पल्ला एकदा फुलीवर आणि एकदा गोलावर येतो. न फिरवलेल्या अंड्यात बलक वर तरंगतो आणि भ्रूण कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो.

आर्द्रता ५० ते ५५ टक्के (दुरुस्तीनंतर).

७ जून

स्नेक प्लांटचे तुकडे भरड वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात २ सेंटिमीटर खोल खोचले. एकदाच पाणी दिलं. यापुढे वरचा थर पूर्ण सुकल्याशिवाय नाही.

८ जून

बाजूला ठेवलेलं एक फलित आणि एक अफलित अंडं फोडून शेजारी ठेवलं. बलकावरचा पांढरा ठिपका दोन्हींत आहे. अफलित अंड्यात तो लहान, भरीव आणि कडेला वेडावाकडा. फलित अंड्यात ३ ते ४ मिलिमीटरचं कडं, मध्ये फिकट.

त्या कड्यात आत्ताच हजारो पेशी आहेत. फलन कोंबडीच्या अंडनलिकेच्या तोंडाशी होतं आणि त्यानंतर पांढरं, पडदे आणि कवच चढायला जवळजवळ एक दिवस जातो. त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला लागतात. भ्रूण तोवर विभागत असतो. म्हणजे घातलेलं ताजं अंडं ही सुरुवात नव्हे, एक दिवसाचं काम झाल्यावर गारव्याने थांबलेला भ्रूण आहे.

बलकावरचा रक्ताचा ठिपका म्हणजे पिल्लू नव्हे. बीजांड सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की तो येतो, आणि अफलित अंड्यातही येतो.

१३ जून (सातवा दिवस)

अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या उजेडावर अंडी पाहिली. प्रत्येक अंडं अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त बाहेर नाही.

जिवंत: २०. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या, मध्ये हलणारा गडद ठिपका. तो ठिपका म्हणजे मुख्यतः डोळा.
कोरी: ३.
रक्ताचं कडं: १. वाहिन्या तयार होऊन भ्रूण मेला की रक्त कडेला जमून लाल कडं दिसतं. तापमान उसळणं हे याचं नेहमीचं कारण. आमच्या तक्त्यात उसळी नाही, त्यामुळे हे एक अंडं कारणाविना सोडून दिलं.

वजनाचा हिशोब महत्त्वाचा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं ११ ते १३ टक्के वजन पाण्याच्या रूपाने जायला हवं. १२ टक्के धरले तर सातव्या दिवशी ४.७ टक्के. राहिलेल्या २० अंड्यांचं सरासरी वजन सुरुवातीला ५८.४ ग्रॅम होतं, आज ५६.४. घट फक्त ३.४ टक्के. म्हणजे पेटी जास्त दमट आहे. एक पाणपात्र काढलं, आर्द्रता ४५ वर आणली.

मापकावर भांडत बसण्यापेक्षा तराजू बरा. अंड्याने किती पाणी सोडलं हे शेवटी अंडंच सांगतं.

१६ जून

डीएनए वेगळा काढण्याचं प्रात्यक्षिक. अंड्यातून काढावा अशी सूचना होती, ती बाजूला ठेवली. अफलित अंड्यात आईच्या डीएनएचं एकच केंद्रक असतं. बाकी सगळा साठा आहे. अंड्याच्या पांढऱ्यावर अल्कोहोल ओतलं की पांढरे गोळे तयार होतात आणि ‘हा बघा डीएनए’ म्हणून ते दाखवले जातात. ती प्रथिनं आहेत. ओळखायचं कसं? गोळे काढून साध्या पाण्यात टाकावे. प्रथिनांचे गोळे तसेच राहतात, डीएनएचे धागे हळूहळू विरघळतात.

कांद्याची कृती:
पाणी ९० मिली, भांडी घासायचं द्रव साबण १० मिली, मीठ ३ ग्रॅम. यात बारीक चिरलेला कांदा ५० ग्रॅम. भांडं ६० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं, मग बर्फात ५ मिनिटं. मिक्सरमध्ये पाच सेकंद, जास्त नाही. जाड कागदातून गाळून त्यात अननसाच्या ताज्या रसाचे दोन-तीन थेंब. मग नळीच्या कडेने, फ्रीजरमध्ये गार केलेलं अल्कोहोल गाळलेल्या द्रवाइतकंच घेऊन हळू सोडायचं.

साबण पेशीची आणि केंद्रकाची चरबीची भिंत फोडतो. मीठ धाग्यांवरचा विद्युतभार झाकतं म्हणून ते एकत्र येतात. ६० अंशांवर डीएनए तोडणारी विकरं बरीच निकामी होतात. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त तापवलं तर डीएनएचेही तुकडे पडतात. अननसाचा रस डब्यातला नको, डबाबंद करताना तो तापवलेला असतो आणि त्यातलं प्रथिनं कापणारं विकर संपलेलं असतं.

एका नळीत धागे छान आले, काडीवर गुंडाळता आले. दुसरीत नुसता ढग. ती नळी मिक्सरमध्ये वीस सेकंद फिरवलेल्या कांद्याची होती. लांब धागे तुटले की गुंडाळायला काही उरत नाही.

१८ जून

वाचनाची नोंद: मेंढीचा क्लोन होतो, मग कोंबडीचा त्याच रीतीने का करत नाहीत?

डॉली ही क्लोन मेंढी ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडच्या रॉझलिन इन्स्टिट्यूटमध्ये जन्मली. फिन डॉर्सेट मेंढीच्या कासेतली पेशी, स्कॉटिश ब्लॅकफेस मेंढीचं केंद्रक काढलेलं बीजांड, विजेच्या धक्क्याने दोन्ही एकत्र. अशा २७७ जोडण्यांतून २९ भ्रूण रोपणायोग्य झाले आणि कोकरू एकच. डॉलीच्या मायटोकॉन्ड्रियातला (केंद्रकाबाहेरच्या, पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागांतला) डीएनए बीजांड देणाऱ्या मेंढीचा होता. म्हणजे जगातला सर्वांत गाजलेला क्लोनसुद्धा काटेकोर हिशोबाने शंभर टक्के प्रत नव्हता.

या पद्धतीत बीजांडातून केंद्रक काढता यायला हवं. सस्तन प्राण्याचं बीजांड मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं. कोंबडीचं बीजांड म्हणजे अख्खा बलक. अपारदर्शक, हाताळताना फुटणारा, आणि केंद्रक त्या एवढ्याशा चकतीत. शिवाय अंडं हातात येतं तेव्हा भ्रूण हजारो पेशींचा झालेला असतो. म्हणून पक्ष्यांत वाटच वेगळी धरली आहे. दोन-अडीच दिवसांच्या भ्रूणात जननपेशींच्या पूर्वज पेशी रक्तातून प्रवास करत असतात. त्या तिथून काढतात, प्रयोगशाळेत वाढवतात, हव्या त्या बदलासह दुसऱ्या भ्रूणाच्या रक्तात सोडतात. तो पक्षी मोठा झाला की त्याच्या पिल्लांत ते जनुक उतरतं. हे क्लोनिंग नव्हे, पण जनुकं जपण्याचं काम होतं.

अंदाज २ च्या संदर्भात मांजराचं उदाहरण टिपून ठेवलं. २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये जन्मलेलं ‘सीसी’ हे पहिलं क्लोन मांजर. जिच्या पेशीपासून ते केलं ती मांजरी तिरंगी, सीसी मात्र नारिंगी रंगाशिवाय. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतं. घेतलेल्या पेशीत नारिंगीवालं एक्स बंद होतं, ते बंदच राहिलं. जनुक होतं तिथेच होतं, चालू नव्हतं.

२० जून (चौदावा दिवस)

सरासरी ५३.१ ग्रॅम, घट ९.१ टक्के. अपेक्षित ९.३. आर्द्रता परत ५० वर.

२४ जून (अठरावा दिवस)

सरासरी ५१.६ ग्रॅम, घट ११.६ टक्के. उजेडावर एक अंडं (क्र. ६) थांबलेलं दिसलं, कडा धूसर आणि वाहिन्या नाहीत. काढलं. राहिली १९.

फिरवणं बंद. जाळीवर खरखरीत कापड घातलं, गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात. आर्द्रता ६५ ते ७०. हवेची भोकं पूर्ण उघडी, कारण आता आत श्वास घेणारे जीव आहेत. यापुढे झाकण उघडायचं नाही. काचेवर धुकं आलं तरी नाही.

२६ जून

अंडं क्र. ११, काचेतून:
सकाळी ६.१०: जाड टोकाजवळ नखाएवढा उंचवटा, त्यातून तारेसारखा तडा. आतून चिवचिव ऐकू येते, म्हणजे पिल्लाने हवेच्या कप्प्याचा पडदा आधीच फोडला आहे आणि फुप्फुसं चालू आहेत.
दुपारी १२: काहीच नाही. एकदा चोच हलली. हा काळ पाहणाऱ्याला सोसत नाही आणि इथेच लोक कवच सोलायला बसतात. पिल्लू या वेळेत पडद्यातल्या वाहिन्यांमधलं रक्त परत ओढून घेतं आणि बलकाची पिशवी पोटात घेतं. सोललं तर रक्तस्राव होतो.
रात्री ८.४०: कवचाभोवती गोल चीर पडायला लागली. चोचीवरच्या पांढऱ्या टोकाने एक टोच, थोडं वळण, परत टोच.
रात्री ९.२५: टोपी उघडली. ओलं, काळं पिल्लू, मान टाकून पडलेलं. डोक्यावर मळकट पांढरा ठिपका.

२७ जून (एकविसावा दिवस)

रात्री १० पर्यंत १६ बाहेर. सुकेपर्यंत आतच ठेवली. पोटात घेतलेल्या बलकावर ती दोन दिवस खाण्याविना राहू शकतात, त्यामुळे घाई नाही.

२९ जून

न उबलेली तीन फोडून पाहिली. हे काम टाळलं जातं, पण पुढच्या खेपेला काय बदलायचं ते इथेच कळतं.
क्र. ३: पूर्ण वाढ, डोकं निमुळत्या टोकाकडे. हवेचा कप्पा दुसऱ्या टोकाला राहिला.
क्र. १७: कवचाला भोक पडलेलं, आतला पडदा पिसांना कागदासारखा चिकटलेला. हे अंडं पंख्याच्या तोंडाशी होतं. पुढच्या वेळी तिथे आडोसा.
क्र. २२: सूजलेलं, ओलसर, बलक आत न घेतलेला. त्याची वजनघट पाहिली तर ८.९ टक्केच. सरासरी चांगली असली तरी जाड कवचाचं एखादं अंडं पाणी सोडत नाही, ते सरासरीत दिसत नाही.

पाकीट उघडलं. अंदाज १: ठिपक्याची ९, काळ्या डोक्याची ७. अपेक्षा ८ आणि ८. काय-वर्ग (अपेक्षा आणि निकाल यांतल्या फरकाचं माप) ०.२५, मर्यादा ३.८४. तफावत योगायोगाच्या आत. ठिपक्यांचा आकार मात्र एकाचाही दुसऱ्यासारखा नाही. एकाचा तर पाच-सहा पांढऱ्या केसांपुरता. तो ‘संशयित’ म्हणून पायात वेगळी कडी घातली.

कवचाच्या रंगाबद्दल विचारणा झाली म्हणून: कवच हे अंडं घालणाऱ्या कोंबडीचं असतं, आतल्या पिल्लाच्या जनुकांचा त्याच्याशी संबंध नाही. तपकिरी रंग पोरफायरिन या रंगद्रव्याचा, बहुतेक वरच्या थरांत. निळा बिलिव्हर्डिन या रंगद्रव्याचा, कवचाच्या आरपार. तो निळा येतो गुणसूत्र १ वर घुसलेल्या एका जुन्या रेट्रोव्हायरसच्या (एका प्रकारच्या विषाणूच्या) तुकड्यामुळे.

२ ऑगस्ट

पाच आठवडे. ठिपक्याच्या सगळ्यांच्या अंगावर पट्टे आणि तुरे लाल व्हायला लागलेले, संशयितासकट. काळ्या डोक्याच्या सातही माद्याच दिसतात, मानेशी लालसर पिसं. लिंगाचा अंदाज पूर्ण खरा.

स्नेक प्लांट: एक तुकडा हलकेच उपसून पाहिला, २ सेंटिमीटर मुळं. दोन तुकडे कुजले, दोन्ही कुंडीच्या ज्या बाजूला पाणी साचतं तिथले.

११ ऑक्टोबर

पानाच्या तुकड्यांशेजारी मातीतून कोंब आले. सगळे हिरवे, आडव्या गडद पट्ट्यांचे. पिवळी कड एकालाही नाही. खोडाचा तुकडा लावलेल्या कुंडीत नवीन कोंब आला आहे, त्याला स्वच्छ पिवळी कड.

अंदाज २ पडला, आणि पडण्याचं कारण अंदाजाच्या शब्दांतच आहे. ‘रोपं क्लोन आहेत’ असं लिहिलं होतं, पण हे झाड एकाच जातीच्या पेशींचं नाहीच. वाढीच्या टोकात पेशींचे थर असतात आणि त्यातल्या एका थरात हरितद्रव्य न करणाऱ्या पेशी आहेत, त्यांची कड होते. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब फुटतो तो आतल्या हिरव्या पेशींतून, थरांची रचना त्याच्यासोबत येत नाही. जमिनीखालच्या खोडावरच्या कळीत मात्र सगळे थर जसेच्या तसे असतात.

पिवळ्या कडांची रोपं वाढवायची असतील तर खोडच तोडायचं: प्रत्येक तुकड्याला किमान एक कोंब आणि थोडी मुळं, काप दोन दिवस सुकवायचा, पहिलं पाणी आठवड्याने. पानाच्या छाटींच्या कुंड्यांवर ‘हिरवा’ अशी चिठ्ठी लावली.